दहापैकी आठ

॥ ॐ नमः शिवाय ॥

गंगाखेड,
दि. ९ मार्च २०२५

ती. अप्पांच्या चरणी महेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कानांनी फोनला रजा दिल्यापासून आपल्या दोघांमुळे पोस्टमनच्या सायकलला बरं काम मिळालंय. परवा फोन लावला तर तुम्ही दहा मिनिटं नुसतंच "हॅलो, हॅलो" करून ठेवून दिला. म्हणून हे पत्र. यालाही तुम्ही सवयीप्रमाणे लाल पेनाने मार्क देऊन उत्तराबरोबर परत धाडणार, म्हणून अक्षर जपून काढतेय.

विषय रुद्राणीचा आहे. तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. मला वाटलं, कौतुक सांगतील. चौथीतली पोर सातवीची गणितं करते हे सगळ्या गंगाखेडला माहीत झालंय. पण बाई लय काळजीत होत्या. म्हणाल्या की दोन महिन्यांपासून ही मुद्दाम चुका करतेय. आधी बरोबर उत्तर लिहिते, मग खोडून चुकीचं लिहिते. घरी आल्यावर मी जवळ घेऊन विचारलं. तिनं शांतपणे सांगितलं की वर्गात सगळे तिला कॅलक्युलेटर म्हणतात, आणि चूक केली की म्हणत नाहीत. अप्पा, हे ऐकून मला लय भीती वाटली. का, ते आत्ता लिहीत नाही.

आम्ही परभणीला घर करायचं ठरवलंय. खताच्या दुकानासाठी हे रोज गाडीने गंगाखेडला येतील-जातील. दोन जागा डोळ्यासमोर आहेत. एक वसमत रस्त्याकडची, आपल्या समाजाची वसाहत. सगळी घरं ओळखीची, आणि जवळच ती मोठी इंग्रजी शाळा, जिच्यात हुशार मुलांची वेगळी निवडक तुकडी आहे. दुसरी पेडगावच्या रस्त्यावरची वस्ती. तिथं कृषी विद्यापीठातले कारकून आहेत, मुसलमान शिंपी आहेत, बौद्ध मास्तर आहेत, मेंढ्यावाले धनगर आहेत, आपली दोन घरं आहेत. शाळा साधी, मराठी. पण तिथल्या गणिताच्या सरांचं नाव ऐकलंय.

आत्याबाईंचं म्हणणं सासूच्या थाटात सरळ आहे: शेजारून मटणाचा वास आला तर मी गंगाखेडलाच मरेन. यांचं मन दोन्हीकडे. माझंही ठरत नाही. तुम्ही चाळीस वर्षं शाळा पाहिल्यात, आणि पिंगळीहून परभणी म्हणजे एकच स्टेशन. एकदा जाऊन दोन्हीकडे बघून याल का? आमच्यावर लय उपकार होतील.

गुडघ्यांना तेल लावत जा. आठवणीत ठेवाल ही आशा.

तुमची लेक,
महेश्वरी

---

॥ श्री ॥

पिंगळी,
दि. १८ मार्च २०२५

चि. सौ. महेश्वरी हीस अप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र पावले. नऊ मार्क. 'लय' तीन ठिकाणी आला, त्याचा एक कापला. पत्र सोबत परत पाठवत आहे.

पत्र वाचून मी अंगणातल्या लिंबाखाली किती वेळ बसलो कोण जाणे. चहा गार झाला. मला दिसत होती आठ वर्षांची तू. पिंगळीच्या प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यावर उभी राहून चालीवर कविता म्हणणारी. चारी इयत्तांच्या पुस्तकांतल्या सगळ्या कविता तुला पाठ होत्या. स्टेशनमास्तर हिरवा झेंडा काखेत धरून ऐकत उभे राहायचे, आणि गार्ड त्यांना तिकडून हाका मारायचा. कवितेला चाल असते तशी त्या दिवसांनाही होती. हल्ली पोरं कविता वाचतात, म्हणत नाहीत.

तर मी गुरुवारी जाऊन आलो. ती मोठी शाळा पाहिली. काय सांगू, बाई! फरशी इतकी स्वच्छ की चपला हातात घेऊन चालावंसं वाटलं. निवडक तुकडीत अवघी तीस मुलं. दर शनिवारी परीक्षा, आणि सोमवारी नावांची यादी फाटकावर लागते. मी ती यादी वरून खालपर्यंत वाचली आणि माझ्या डोळ्यांपुढे तिथं रुद्राणीचं नाव उमटलं. हुशार लेकराला हुशार लेकरांची संगत हवी. तिथं तिला कोणी कॅलक्युलेटर म्हणणार नाही, कारण सगळेच तसे.

वसाहतही हिंडलो. दारादारांतून 'शरणार्थ' म्हणून नमस्कार ऐकू येत होता. विहीणबाई भागम्माबाईंना सकाळच्या पूजेला सोबत मिळेल. आपल्या माणसांत लेकरू सुखरूप राहतं, यापलीकडे मी काय सांगणार? पेडगावच्या रस्त्याकडे गेलो नाही. रिक्षावाला नको म्हणाला, आणि खरं सांगायचं तर मलाही गरज वाटली नाही.

तुला विचारायचं राहिलं, पण मुदत जवळ होती म्हणून प्रवेश परीक्षेचा फॉर्म मीच भरून आलो. परीक्षा एकोणतीस तारखेला आहे. तुझ्या वेळी नशिबाने साथ दिली नाही. नांदेडच्या वसतिगृहात तू छान रमली होतीस, पण दिवाळीला आलीस ती तापाने फणफणत, आणि मग परत पाठवणं झालं नाही. नाहीतर आज तू कुठल्या कुठे असतीस. ती एक रुखरुख मनात आहे. नातीच्या रूपाने फिटेल असं वाटतं.

जावईबापूंना आणि विहीणबाईंना नमस्कार. लेकराच्या पाठीवरून माझा हात फिरव.

तुझे
अप्पा

---

॥ ॐ नमः शिवाय ॥

गंगाखेड,
दि. ३ एप्रिल २०२५

ती. अप्पांना शि. सा. न. वि. वि.

रुद्राणी परीक्षेत बसली. तुम्ही फॉर्म भरला होता, ती जाऊन बसली. तिसरा नंबर आला. यांनी दुकानात पेढे वाटले, आत्याबाईंनी गल्लीत. वीस एप्रिलच्या आत होकार कळवायचा आहे.

निकालाच्या दिवशी आम्ही सगळे तिथं गेलो होतो. रुद्राणी फाटकावरची यादी वाचत उभी राहिली. तिनं आपलं नाव एकदाच पाहिलं. मग ती खालची नावं वाचायला लागली. तिथल्या बाईंना तिनं विचारलं की शेवटच्या नावाचं पुढं काय होतं. बाईंनी हसून सांगितलं की शेवटचे पाच दुसऱ्या तुकडीत जातात आणि त्यांच्या जागी नवे येतात, म्हणून तर सगळे अभ्यास करतात. परत येताना गाडीत ती बोटांवर काहीतरी मोजत बसली. पोखर्णी गेल्यावर तिनं मला विचारलं की पहिल्यापासूनच दुसऱ्या तुकडीत बसलं तर चालतं का.

अप्पा, मला तुमच्याशी भांडायचं नाही. तुम्ही मायेनंच केलंत, हे मला कळतं. पण मी नांदेडला रमले होते असं तुम्ही लिहिलंत, आणि तेवढं मला जिवाला लागलं. इतकी वर्षं हे बोलले नाही. यांनाही माहीत नाही. कपाटातल्या पेटीत एक कागद जपून ठेवला होता, तो सोबत पाठवतेय. एकदा वाचा. यावेळी मार्क देऊ नका.

प्रकृतीला जपा.

महेश्वरी

---

(सोबतचा कागद)

॥ श्री ॥

नांदेड,
दि. ९ ऑगस्ट १९८९

ती. अप्पांना महेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

मी इथे मजेत आहे. तुम्ही कसे आहात? अवा कशी आहे? वसतिगृह चांगले आहे. सगळ्या आपल्याच समाजाच्या मुली आहेत. सकाळी पूजा एकत्र होते. जेवण चांगले असते.

पहिल्या दिवशी बाईंनी मला कविता म्हणायला उभे केले. मी तीन म्हटल्या. बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून मुली मला ग्रामोफोन म्हणतात. मी आले की कान दाबतात. पंगतीत माझ्या बाजूला कोणी बसत नाही. आता बाईंनी कविता विचारली की मी येत नाही म्हणते. मला येते, पण मी येत नाही म्हणते.

आमच्या खिडकीतून रेल्वेचा रूळ दिसतो. दुपारची गाडी पिंगळीकडे जाते. मी रोज तिचे डबे मोजते. काल आठ होते.

अप्पा, मी हुशार नसले तर चालेल का? मला घ्यायला या.

आपली आज्ञाधारक,
महेश्वरी शिवमूर्ती

(खाली लाल शाईत :)
१० पैकी ८. अक्षर मोत्यासारखे. मजकूर ओघवता. शेवट घाईत झाला आहे. पुढील पत्रात कोणती नवी कविता पाठ केलीस ते लिही. — अप्पा

---

॥ श्री ॥

पिंगळी,
दि. ११ एप्रिल २०२५

चि. सौ. महेश्वरी हीस अनेक आशीर्वाद.

हे चौथ्यांदा लिहायला घेतलं आहे. आधीचे तीन कागद चुलीत गेले.

छत्तीस वर्षांपूर्वी तुझं ते पत्र माझ्या हातात होतं आणि मी त्यातलं अक्षर बघत बसलो. मला तो दिवस लख्ख आठवतो. मधली सुट्टी होती. मी ते पत्र शाळेतल्या सगळ्या मास्तरांना दाखवलं. म्हणालो, दहा वर्षांची पोर आहे, वेलांटी बघा कशी काढली. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी शेवटची ओळ वाचली असेल तर मला सांगितलं नाही. मग मी लाल पेन काढलं. शाळेतून निघून स्टेशनवर गेलो असतो तर दुपारच्या गाडीने संध्याकाळपर्यंत तुझ्याजवळ पोचलो असतो. मी टपालपेटीकडे गेलो.

दिवाळीला तुला ताप आला तेव्हा मी डॉक्टर केले, अंगारा आणला, पिंगळीतच राहू दे म्हणालो, आणि मला वाटत राहिलं की तापाने तुझी शाळा नेली. त्यानंतर तू कधीच कविता म्हटली नाहीस. तुझी आई, तुझी अवा, एकदा म्हणाली होती की पोर मुकी झाली. मी तिला म्हणालो की वयात येताना मुली लाजतात. आज ती असती तर तिचे पाय धरले असते.

तू मार्क देऊ नका लिहिलंस. लाल पेन मी शेजारच्या पोरांना चित्रं रंगवायला देऊन टाकलं.

परवा मी पेडगावच्या रस्त्याला जाऊन आलो. रिक्षावाला याही वेळी नको म्हणाला, म्हणून अर्धी वाट चालत गेलो. नोकरीत असताना माझी एक रीत होती. नव्या गावी बदली झाली की आधी कोणाला न सांगता शाळा सुटताना लांब उभं राहायचं आणि पोरं कशी घरी जातात ते बघायचं. वर्गात पोरं मास्तरांची असतात. सुटल्यावर ती एकमेकांची होतात. त्या मोठ्या शाळेत मी ही रीत विसरलो होतो. तिथं फरशी पाहून आलो.

तर इथं घंटा झाली. पोरं बाहेर आली ती ढकलाढकली करत, भांडत, एका सायकलवर तिघं बसून. पायरीवर एक बारा वर्षांची पोर काडीने मातीत अपूर्णांक काढून दोघींना समजावत बसली होती. तिचं नाव पिंकी. बाप मल्हारी, मेंढ्या राखतो. दिवाळीनंतर कुटुंब रानोमाळ जातं, तेव्हा हिची शाळा दोन-तीन महिने बुडते, म्हणून अजून चौथीतच आहे. मला वाटलं, हीच वर्गात पहिली असणार. तिथले गणिताचे सर, धम्मदीप त्यांचं नाव, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले की नाही, हे गणित ती कालच शिकली, आणि याच दोघींकडून शिकली. आज त्या विसरल्या.

मी त्यांना रुद्राणीचं सांगितलं. इतकी पुढं गेलेली पोर आली तर काय कराल, असं विचारलं. जरा अभिमानानेच विचारलं, खोटं कशाला सांगू. ते म्हणाले, "तिला पुढचं देईन, गुरुजी. पण जे येतं ते पिंकीला समजावून सांगायलाही लावीन. पिंकी लवकर ऐकत नाही. 'कसं काय?' विचारत राहते."

सगळं गोड आहे असं लिहिणार नाही. पाण्याचा टँकर आठ दिवसांनी येतो. शाळेचं एक छप्पर गळतं. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आहे आणि त्याची किल्ली हरवली आहे. धम्मदीप सरांनी स्वतःहून सांगितलं की त्यांची बदली कधीही होऊ शकते. मी ज्यांच्या ओट्यावर पाणी प्यायलो त्या शिंपीणबाईंना मटणाचं सरळच विचारलं. त्या हसल्या. त्यांच्याकडे शुक्रवारी शिजतं, आणि पलीकडच्या आपल्या घरची आजी शुक्रवारी खिडकी लावून घेते आणि शनिवारी ती उघडून यांच्याकडूनच ब्लाऊज शिवून घेते. विहीणबाईंना हे जसंच्या तसं सांग.

यावेळी मी सल्ला देणार नाही. मी काय पाहिलं तेवढं लिहिलं. तू जे ठरवशील त्यात मी आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस. मला दुसरं काही मागायचं नाही.

अप्पा

---

॥ ॐ नमः शिवाय ॥

गंगाखेड,
दि. १९ एप्रिल २०२५

ती. अप्पांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. ते पेटीत, त्या कागदाच्या जागी ठेवलंय; आता बाकीचं लिहिते.

रुद्राणीला घेऊन मी मंगळवारी पेडगावच्या रस्त्यावरच्या शाळेत गेले. सरांनी तिला एक दिवस वर्गात बसू दिलं. बाहेर आली ती तणतणत. कोणी पिंकी आहे, तिला एक साधं गणित चार वेळा सांगितलं तरी ती मान्यच करत नाही, दर वेळी कसं काय विचारते, अशी तक्रार. रस्ताभर तिचं ते चालू होतं. गंगाखेड आलं तेव्हा तिनं माझ्याकडून कागद मागितला. म्हणाली, आता चित्र काढून दाखवते तिला. अप्पा, कितीतरी दिवसांनी तिनं उत्तर न खोडता पान भरलं.

मोठ्या शाळेला आज नकार कळवला. वसाहतीतले पाहुणे नाराज झाले. यांच्या मामांनी स्पष्टच विचारलं की आपली माणसं सोडून तिकडं कशाला. यांनी एवढंच सांगितलं की पोरीला शाळा आवडली. ठरलं तेव्हापासून आत्याबाई दोन दिवस रुसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या की शुक्रवारची खिडकी लागते ना नीट, ते बघून ये. ते मी बघून येईन.

मला भीती वाटतेच. सर गेले तर काय, टँकर नाही आला तर काय, पोरगी मागं पडली तर काय. पण ती भीती मला कोणाला तरी सांगता येते, एवढा फरक आहे.

जून उजाडला की आम्ही येऊ. तोवर सांभाळून असा.

तुमची
महेश्वरी

---

परभणी,
२१ जून २०२५

प्रिय अप्पा आजोबा,
सा. न. वि. वि.

आम्ही नवीन घरी आलो. घर लहान आहे पण गच्ची मोठी आहे. काल शुक्रवार होता. आजीने सकाळीच खिडकी लावली. मग तिला गरम झालं म्हणून तिने ती थोडीशी उघडली.

शाळा सोमवारी सुरू झाली. मला पहिले दोन दिवस कोणी ओळखत नव्हतं. पिंकी तिच्या मैत्रिणींशेजारी बसते. तिसऱ्या दिवशी सरांनी तोंडी गणितं घेतली आणि मी हरले. पिंकीने मला हरवलं. ती घरी मेंढ्या मोजते, बसलेल्या नाही, पळणाऱ्या, त्यामुळे तिला सवय आहे. मला खूप राग आला. मग तिने मला पळणाऱ्या मेंढ्या मोजायला बोलावलं. मी तीनदा चुकले. खरंच चुकले, मुद्दाम नाही.

सरांनी मला एक जाड पुस्तक दिलं आहे. त्यातलं मला अर्धं कळत नाही. ते मला आवडतं.

एक गोष्ट आईला सांगितली नाही. शाळा सुटली की पिंकी रानाकडे जाते आणि बाकीच्या दुसऱ्या बाजूला जातात. माझ्या रस्त्याने कोणी नाही. आई नवीन कामावरून पाच वाजता येते आणि आजीला एवढं चालवत नाही. मोठ्या वळणापाशी कुत्री असतात. मी रोज तिथून पळते. मला थोडी भीती वाटते. हे मी फक्त तुम्हाला लिहिलं आहे.

आई सांगते तुम्ही पत्राला मार्क देता. किती मिळतील?

तुमची नात,
रुद्राणी राजेश्वर

---

॥ श्री ॥

पिंगळी,
दि. २४ जून २०२५

चि. रुद्राणी हीस आजोबांचे खूप खूप आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचलं. मी आता पत्राला मार्क देत नाही. त्यामुळे हे पत्र परत धाडत नाही, माझ्याजवळ ठेवून घेतो.

पळत्या मेंढ्या मोजायला मलाही शिकव. मी चाळीस वर्षं पोरांची हजेरी घेतली, पण ती सगळी बसलेली होती.

आता वळणावरच्या कुत्र्यांचं. सोमवारपासून मी दुपारच्या गाडीने पिंगळीहून निघतो. स्टेशनातून रिक्षा, आणि रिक्षावाला जिथून नको म्हणेल तिथून पायी. माझा वेग कमी आहे म्हणून लवकर निघेन. तुझ्या शाळेच्या फाटकासमोर लिंबाचं झाड आहे, त्याखाली मी असेन. घंटा झाली की थेट माझ्याकडे यायचं. मग आपण वळणापर्यंत काही बोलत जाऊ. मला खूप कविता येतात. कुत्री जवळ आली की मोठ्याने म्हणू, ती बिचारी पळून जातील. तुला रस्त्यावर सोबत मिळेपर्यंत मी येत राहीन, आणि मिळाली तरी सांगू नकोस, अजून थोडे दिवस येऊ दे.

हे पत्र आईला वाचायला दे. तिच्यापासून काही लपवायचं नाही. खालचं तिच्यासाठी आहे.

तुझे आजोबा,
शिवमूर्ती

ता. क. चि. महेश्वरीस — तुझे नऊ ऑगस्टचे पत्र पावले. घ्यायला निघालो आहे.